आयरिश संगीत आणि सिंफनी ऑर्केस्ट्रा: पहिल्यांदा ऐकायला जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१७ मार्चचा सेंट पॅट्रिकचा सण जवळ आला की डब्लिनमध्ये पारंपरिक वादक आणि मोठा वाद्यवृंद एकत्र असलेल्या कार्यक्रमांच्या जाहिराती लागतात. मग इथल्या मराठी घरांतून मला तेच ते प्रश्न येऊ लागतात. फोनवर घाईत दिलेलं उत्तर अपुरं राहतं, म्हणून सगळं एकदाच नीट लिहून ठेवते आहे. रागदारी, कीर्तन, नाट्यसंगीत ऐकत वाढलेल्या कानाला हे संगीत लवकर कळतं, असा माझा अनुभव आहे. तो पुढच्या उत्तरांत पुन्हा पुन्हा डोकावेल.

ऑर्केस्ट्रा म्हणजे आपल्याकडचा गाण्यांचा ऑर्केस्ट्रा का?

नाही. आपल्याकडे ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटलं की गणपतीतला हिंदी-मराठी गाण्यांचा कार्यक्रम आठवतो. इथे तो शब्द पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी आहे. व्हायोलिनच्या रांगा, चेलो, डबल बास, ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न, ट्रम्पेट, टिंपनी आणि समोर कंडक्टर. चाळीसपासून ऐंशीपर्यंत माणसं, आणि प्रत्येकापुढे लिहिलेली स्वरलिपी. त्यांच्या पुढ्यात, कंडक्टरच्या शेजारी, एक-दोन किंवा पाच-सहा पारंपरिक वादक बसतात. त्यांच्यापुढे बहुधा कागद नसतो. बसायच्या जागा आणि तो कागद, एवढं पाहिलं तरी संध्याकाळभर काय घडणार आहे याचा अंदाज येतो.

मूळ आयरिश संगीतात असा वाद्यवृंद होता का?

नव्हता. हे संगीत एका चालीचं आहे. दहा वादक बसले तरी दहाही जण तीच चाल वाजवतात, आणि प्रत्येक जण तिच्यात आपापल्या हरकती घालतो. गिटार आणि बुझुकीची साथ विसाव्या शतकात आली. ग्रीक बुझुकी तर १९६० च्या दशकाच्या अखेरीस इथे रुळली. चाल शिकायची ती कानाने, शेजारच्या म्हाताऱ्याकडून, आईकडून, स्वयंपाकघरात बसून. त्यामुळे मुलुखागणिक वळण वेगळं. डोनेगलचा गज जोरकस आणि तुटक, पूर्व क्लेअरची चाल संथ आणि आत वळलेली, तर कॉर्क-केरीच्या सीमेवरच्या स्लीव लूखरा भागात पोल्का आणि स्लाइड या नाचाच्या चालींचीच चलती. ‘घराणं’ हा शब्द इथे कोणी वापरत नाही, पण आपल्याला तो लगेच सुचतो.

मग ही दोन जगं एकत्र आली कधी?

याचं उत्तर लांब आहे, कारण मला ते लांबवायचं आहे.

आयर्लंडच्या सरदार घराण्यांकडे पूर्वी हार्पवादक असत. त्यांतला आज सर्वांत जास्त वाजवला जाणारा टर्लो ओ’कॅरोलन (१६७०–१७३८). अठराव्या वर्षी देवीच्या रोगात त्याचे डोळे गेले. मग तो हार्प घेऊन घोड्यावरून गावोगाव फिरला आणि यजमानांच्या नावाने चाली रचत राहिला. डब्लिनमध्ये तेव्हा इटालियन संगीताची हवा होती आणि त्याच्या काही चालींवर तिची छाप स्पष्ट ऐकू येते. म्हणजे पाश्चात्त्य अभिजात संगीताशी पहिली ओळख झाली ती अशी, एका अंध वादकाच्या कानातून.

पुढे ती परंपरा आटत चालली. १७९२ मध्ये बेलफास्टला उरल्यासुरल्या हार्पवादकांना एकत्र बोलावलं गेलं. मोजून दहा आयरिश वादक आले. त्यांच्या चाली लिहून घ्यायचं काम एडवर्ड बंटिंग या १९ वर्षांच्या ऑर्गनवादकाकडे होतं. आलेल्यांतला डेनिस हेम्पसन नव्वदी ओलांडलेला होता आणि पितळी तारा वाढवलेल्या नखांनी छेडण्याची जुनी रीत पाळणारा तो एकटाच उरला होता. बंटिंगने लिहिलं म्हणून आज त्या चाली आहेत. पण कागदावर उतरताना त्यांच्यातलं बरंच काही सुटलंही. हा पेच आजच्या रंगमंचावरही तसाच आहे.

डब्लिनमध्ये जन्मलेल्या चार्ल्स स्टॅनफर्डने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि नंतर हॅमिल्टन हार्टीने आयरिश चाली घेऊन मोठ्या वाद्यवृंदासाठी रचना केल्या. रचना सुंदर आहेत, पण रंगमंचावर पारंपरिक वादक नव्हता. चाल होती, ती जगणारा माणूस नव्हता.

तो माणूस मानाने मध्यभागी यायला शॉन ओ रीअदा (१९३१–१९७१) हा संगीतकार यावा लागला. १९५९ च्या ‘मिशा एरा’ या माहितीपटाला त्याने पूर्ण वाद्यवृंदाचं संगीत दिलं. ‘मिशा एरा’ म्हणजे ‘मी आयर्लंड’. स्वातंत्र्यलढ्याची जुनी चित्रफीत पडद्यावर आणि ‘रोशीन डव’ ही जुनी चाल एकट्या हॉर्नवर. पबमध्ये किंवा चुलीपाशी ऐकलेली चाल अशा थाटात उभी राहिलेली पाहून लोक हेलावले. आजही कार्यक्रमात तो हॉर्न सुरू झाला की माझ्या आसपासची म्हातारी माणसं पाठ ताठ करून बसतात.

त्याच ओ रीअदाने नंतर ‘क्योलटोरी खूलन’ हा पारंपरिक वादकांचा ताफा उभा केला. काळे सूट, बो टाय, आणि हातात बोधरान हा डफ नि टिन व्हिसल ही पत्र्याची छोटी बासरी. ओ’कॅरोलनच्या चाली वाजवताना तो स्वतः हार्पसिकॉर्ड या पियानोसारख्या जुन्या वाद्यावर बसे, कारण जुन्या धातूच्या तारांच्या हार्पच्या नादाला तेच वाद्य जवळचं आहे असं त्याचं मत होतं. या ताफ्यातल्या पॅडी मोलोनीने १९६२ मध्ये ‘द चीफटन्स’ सुरू केलं आणि हे संगीत जगभर गेलं. ओ रीअदा चाळिसाव्या वर्षी गेला.

इलिन पाइप्स म्हणजे काय? सगळे त्याचंच नाव घेतात.

घ्यावं असंच ते वाद्य आहे. ‘इलिन’ म्हणजे कोपर. स्कॉटिश बॅगपाइपसारखी यात फुंक मारायची नसते. उजव्या कोपराखाली एक लहान भाता बांधलेला असतो, पेटीच्या भात्याचाच भाऊ. त्याने हवा भरायची, डाव्या काखेतल्या चामडी पिशवीवर दाब धरायचा, आणि बोटांनी चँटर नावाची नळी वाजवायची. मांडीवर आडव्या पडलेल्या ड्रोन नावाच्या तीन नळ्या अखंड षड्ज धरून असतात. सनईच्या जोडीला सूर धरणारा बसतो ना, त्याचं काम त्या करतात. शिवाय रेग्युलेटर नावाच्या किल्ल्यांच्या आणखी तीन नळ्या असतात आणि त्या चँटरवरची बोटं न हलवता मनगटाच्या कडेने दाबायच्या. ‘सात वर्षं शिकायचं, सात वर्षं रियाज करायचा, सात वर्षं वाजवायचं, तेव्हा पाइपर होतो,’ अशी इथली जुनी म्हण आहे.

एकदा मी पुढून तिसऱ्या रांगेत होते. वाद्यवृंद वाजत होता आणि पाइपरचा प्रवेश अजून लांब होता. तो मान खाली घालून, कान नळ्यांजवळ नेऊन, एका ड्रोनचं टोक केसभर आत-बाहेर सरकवत होता. त्याच्या मांडीवर चामड्याचा तुकडा पट्ट्याने बांधलेला होता. चँटरचं तोंड त्यावर टेकवलं की स्वर जागच्या जागी बंद होतो. मग त्याने एक श्वास घेतला. वाद्याला त्याची गरज नव्हती, त्याला होती. आणि पहिला स्वर आला तेव्हा साठ माणसांचा वाद्यवृंद त्याच्यामागे पडद्यासारखा झाला.

२०१७ मध्ये युनेस्कोने इलिन पाइप्सवादनाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, २०१९ मध्ये आयरिश हार्पवादनालाही.

बाकी कोणती वाद्यं दिसतील?

फिडल, म्हणजे व्हायोलिनच, वाजवायची रीत वेगळी. लाकडी बासरी, टिन व्हिसल, बटन अ‍ॅकॉर्डियन, कॉन्सर्टिना, बँजो, हार्प. आणि बोधरान: बकऱ्याच्या कातड्याने मढवलेली, डफासारखी चौकट, छोट्या काठीने वाजवतात. उच्चार ‘बाउरॉन’च्या जवळ जातो. बरेच वादक दुसरा हात आतून कातड्यावर दाबून स्वर वर-खाली करतात. तबल्याचा बायां ऐकलेल्याला ती मींड ओळखीची वाटेल.

जिग कोणतं, रील कोणतं, कसं ओळखायचं?

हे नाचाच्या चालींचे प्रकार. जिग सहा मात्रांचं, तीन-तीन. मनात दादरा धरा, लय वाढवा, सापडेल. रील चारच्या हिशेबातलं, सरळ धावणारं. स्लिप जिग नऊचं, म्हणजे तीन वेळा तीन, आणि मला सगळ्यांत गोड वाटतं ते हेच. हॉर्नपाइप रीलसारखंच, पण संथ आणि डुलणारं. चाल बहुधा दोन भागांची, प्रत्येक भाग आठ बारचा आणि दोनदा. अशी चाल दोन-तीन वेळा झाली की न थांबता दुसरी सुरू होते. त्या वळणावर श्रोत्यांतून ‘हप!’ असा आवाज येतो. आपल्याकडे समेवर ‘क्या बात है’ निघतं, तसा.

ऑर्केस्ट्रासोबत वाजवण्यात अडचण ती काय? चाल तर तीच आहे.

हा प्रश्न ज्याने विचारला त्याने मला सर्वांत आनंद दिला.

पहिली अडचण लयीची. रीलचे स्वर कागदावर सारख्या लांबीचे लिहिले जातात, पण वाजवताना ते सारखे नसतात. एक किंचित रेंगाळतो, पुढचा किंचित घाई करतो, आणि ही ओढ माणसागणिक, मुलुखागणिक वेगळी. वाद्यवृंदाने कागद जसाच्या तसा वाजवला की चाल शाळेच्या कवायतीसारखी ताठ होते. मी असे कार्यक्रम ऐकले आहेत आणि मधेच उठून जावंसं वाटलं आहे.

दुसरी अलंकरणाची. ‘कट’ म्हणजे स्वरावर घेतलेला निमिषभराचा कण. ‘रोल’ म्हणजे एकाच स्वराभोवती वरून-खालून घेतलेली चपळ मुरकी. पाइप्सवर ‘क्रॅन’ नावाचा प्रकार असतो, खालच्या स्वरावर केलेला खटक्यांचा गुच्छ. हे आधी ठरवून येत नाही. दुसऱ्या फेरीत तो वादक वेगळंच करेल. पण त्याच्यामागे वीस व्हायोलिनांचे गज एका शिस्तीत वर-खाली होत असतात, कारण तशी खूण कागदावर आहे.

तिसरी सुरांची. पाइप्सची वेताची जिभळी हवेतल्या दमटपणाने बदलते. दिव्यांखाली वाद्य तापलं की सूर सरकतो. शिवाय पाइप्सना हळू आणि मोठा आवाज असा फरक जवळजवळ करता येत नाही. त्यामुळे नाजूक जागी वाद्यवृंदालाच माघार घ्यावी लागते.

चांगला रचनाकार काय करतो? वाद्यवृंदाकडून तीच चाल वाजवून घेत नाही. त्याला वेगळं काम देतो. शॉन डेव्हीची १९८० ची ‘द ब्रेंडन व्हॉयेज’ ही याची सर्वांत मोठी कमाई. टिम सेव्हरिन नावाच्या दर्यावर्दीने १९७६–७७ मध्ये बैलाच्या कातड्यांनी मढवलेल्या होडीतून, संत ब्रेंडनच्या कथेतल्या मार्गाने, आयर्लंडपासून न्यूफाउंडलंडपर्यंत प्रवास केला. डेव्हीने त्या प्रवासाचं संगीत केलं: पाइप्स म्हणजे होडी, वाद्यवृंद म्हणजे समुद्र, वारा, बर्फ. लियम ओ’फ्लिन (१९४५–२०१८) यांनी ते पहिल्यांदा वाजवलं. वादळाच्या भागात पितळी वाद्यं अंगावर येतात आणि मधूनच ती एकटी नळी वर येते. होडी अजून आहे, एवढंच ती सांगते. इथे कोणी कोणाची साथ करत नाही. दोघंही आपापल्या भाषेत बोलतात आणि गोष्ट एकच होते. ती होडी आजही क्लेअर काउंटीत, क्रॅगनोवनला ठेवलेली आहे. जमलं तर जाऊन पाहा.

‘आधुनिक’ भागात काय येतं?

तीन तऱ्हा. एक, डेव्ही किंवा मिहॉल ओ सूलवान (१९५०–२०१८) यांच्यासारख्यांच्या रचना. ओ सूलवान पियानोवर आयरिश अलंकरण आणणारे. ओ रीअदांकडे शिकले आणि पुढे लिमरिक विद्यापीठात त्यांनी संगीताची मोठी संस्था उभी केली. दोन, आजचं प्रयोगशील संगीत. डोनाहा डेनेहीची शान-नोस (साथीशिवायची जुनी गायकी) गायक इअर्ला ओ लिनर्ड यांच्यासाठी केलेली ‘ग्रा अगस बॉस’ (२००७), म्हणजे ‘प्रेम आणि मृत्यू’, एकदा तरी प्रत्यक्ष ऐकावी. तीन, यू टू, क्रॅनबेरीज, शिनेड ओ’कॉनर यांची लोकप्रिय गाणी वाद्यवृंदासह. तिसऱ्या तऱ्हेबद्दल माझं मत असं: गाण्याखाली व्हायोलिनची मऊ गादी अंथरली की काम झालं, असं समजणारे बरेच असतात. जिथे कोणी विचार करून वाद्यं वापरली आहेत, तिथे मात्र ओळखीचं गाणं नव्याने कळतं.

रिव्हरडान्स असतो का? नाच पाहायला मिळतो का?

संगीत बहुधा असतं, नाच क्वचित. बिल व्हेलन यांचं ते संगीत ३० एप्रिल १९९४ रोजी डब्लिनच्या युरोव्हिजन स्पर्धेच्या मध्यंतरात सात मिनिटांसाठी सादर झालं. पूर्ण कार्यक्रम १९९५ मध्ये आला. नाचाशिवाय ऐकताना त्यातलं लयीचं काम जास्त कळतं.

शान-नोस म्हणजे काय? साथ नसलेलं गाणं ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमात कसं?

‘शान-नोस’चा अर्थ ‘जुनी रीत’. आयरिश भाषेत, एकट्याने, साथीशिवाय, ठेक्यात न बांधता गायचं. शब्द पुढे आणि अलंकरण शब्दाच्या पोटातून. कॉनमारात एक रीत होती: ऐकणारा गायकाचा हात हातात धरायचा आणि गाण्याच्या ओघात तो हळूहळू फिरवत राहायचा. काही गायक शेवटची ओळ गातच नाहीत, नुसती बोलतात, आणि गाणं संपतं.

कार्यक्रमात अशा वेळी सगळा वाद्यवृंद हात मांडीवर ठेवून बसतो. फार तर चेलो आणि डबल बास एक खोल स्वर धरतात, तंबोऱ्यासारखा. माझ्या मते तीच संध्याकाळची खरी परीक्षा. वर ज्यांचं नाव आलं ते ओ लिनर्ड कॉर्कमधल्या कूल एया या गावचे, आणि ओ रीअदाने तिथे उभ्या केलेल्या गायकवृंदात गायलेले. गाव लहानसंच, पण निम्म्या कार्यक्रमाचे धागे तिथे जाऊन मिळतात.

आयरिश भाषा येत नाही, अडेल का?

नाही. सभागृहातल्या बऱ्याच आयरिश लोकांनाही गाण्याचा शब्दन्‌शब्द कळत नाही. गाण्याची गोष्ट तेवढी आधी वाचून जा.

टाळ्या कधी वाजवायच्या?

रील चालू असताना लोक ठेका धरतात, ते चालतं. पण अनेक भागांची रचना असेल तर मधल्या थांब्यावर नको. कंडक्टरचे हात पूर्ण खाली येईपर्यंत थांबा. संथ चालीनंतर तर दोन क्षण शांतता राहू द्या. ‘वन्स मोअर’ ओरडायची आपली सवय इथे लागत नाही. शेवटी उभं राहून टाळ्या वाजत राहिल्या की वादक परत येतात.

कुठे ऐकायला मिळतं?

डब्लिनमध्ये अर्ल्सफोर्ट टेरेसवरचा नॅशनल कॉन्सर्ट हॉल. स्टीफन्स ग्रीन बागेपासून चालत पाच मिनिटं. ही इमारत १८६५ च्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी उभी राहिली, पुढे विद्यापीठाकडे गेली, आणि १९८१ मध्ये सभागृह झाली. ब्रिटनशी झालेल्या तहावरची १९२१–२२ ची वादळी चर्चा याच वास्तूत झाली होती. ‘मिशा एरा’चं संगीत इथे ऐकताना ते मनात ठेवा. नॅशनल सिंफनी ऑर्केस्ट्रा २०२२ पासून याच संस्थेचा आहे, आणि आरटीई या इथल्या राष्ट्रीय प्रसारण संस्थेचा १९४८ पासूनचा कॉन्सर्ट ऑर्केस्ट्रा अशा कार्यक्रमांत सर्वांत मुरलेला. बेलफास्टला १९६६ मध्ये स्थापन झालेला अल्स्टर ऑर्केस्ट्रा आहे.

तिकीट कुठलं घ्यावं?

पाइपरचे हात पाहायचे असतील तर पुढच्या रांगा. एकूण नाद हवा असेल तर बाल्कनी. रंगमंचामागच्या गायकवृंदाच्या जागा कधीकधी विकायला असतात. तिथून कंडक्टरचा चेहरा दिसतो. मी संधी मिळाली की त्याच घेते.

कपडे? लहान मुलं?

नीटनेटके असले की पुरे. कोट हवाच, पण तो पावसासाठी. दुपारचे कार्यक्रम मुलांना सोयीचे. सात-आठ वर्षांचं मूल रमतं. त्याहून लहान असेल तर कडेची खुर्ची घ्या.

भारतात असं काही ऐकायला मिळेल का? आपलं यांच्याशी काही नातं आहे का?

मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीएमध्ये २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. मोठ्या वाद्यवृंदाचा नाद प्रत्यक्ष कसा असतो, हे कळायला तिथला कुठलाही कार्यक्रम चालेल.

नात्याचं म्हणाल तर एक धागा राष्ट्रगीताचा. रॉसकॉमन काउंटीत जन्मलेल्या मार्गारेट कझिन्स या संगीत शिकलेल्या आयरिश बाईंनी १९१९ मध्ये मदनपल्लीला रवींद्रनाथांच्या ‘जन गण मन’ची पाश्चात्त्य स्वरलिपी केली. दुसरा धागा गोव्याचा. चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेले गोव्याचे वादक मुंबईच्या स्टुडिओंत अरेंजर झाले. संगीतकार चाल गुणगुणायचा, ते ती पन्नास वादकांसाठी कागदावर उतरवायचे. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांनी जे केलं, तेच काम डब्लिनचे अरेंजर करतात: कानातलं कागदावर आणायचं, आणि आणताना ते मरू द्यायचं नाही.

जाण्याआधी काय ऐकावं, आणि नंतर?

आधी एकच करा. ज्या पारंपरिक वादकाचं नाव जाहिरातीत आहे, त्याचं साथीशिवायचं एकट्याचं वादन अर्धा तास ऐका. त्याचा कण, त्याची लयीतली ओढ कानात बसू द्या. मग सभागृहात साठ वाद्यांमधूनही तुम्ही त्याला शोधून काढाल.

नंतर घरी जाण्याची घाई करू नका. स्मिथफील्डमधला कॉबलस्टोन पब पारंपरिक बैठकीसाठी ओळखला जातो. दारातून शिरताच पुढच्या कोपऱ्यात वादक गोल करून बसलेले असतात, माइक नाही, मंच नाही. त्यांच्या खुर्च्यांवर बसू नका, जवळ उभे राहा, बोलणं हळू ठेवा. नशीब असेल तर तासाभरापूर्वी कंडक्टरच्या शेजारी बसलेला माणूस आत येतो, वाद्याची पेटी उघडतो, भाता बांधतो आणि चालू असलेल्या चालीत मधूनच मिसळून जातो.